ससाण्यामागची गच्ची

लातूर, ३ सप्टेंबर २०१२

ती. मामा,

इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून तुम्ही घाबराल आणि पत्राचा शेवट आधी वाचाल, हे मला माहीत आहे. म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, सगळे सुखरूप आहेत. मला फक्त एक कॅमेरा घ्यायचा आहे, आणि आपल्या सगळ्या गोतावळ्यात कॅमेऱ्यातलं कळणारा एकच माणूस आहे, माझा मामा.

जूनपासून मी आणि भार्गवी लातुरात खोली घेऊन राहतो आहोत. तिचं बारावीचं वर्ष. दहावीला तिला एवढे गुण पडले की तिला देगलूरला ठेवणं म्हणजे गुन्हाच, असं शेजाऱ्यांपासून हेडमास्तरांपर्यंत सगळे म्हणायला लागले. मग मी शाळेतून वर्षभराची बिनपगारी रजा घेतली, यज्ञेशना त्यांच्या बँकेच्या आणि कुकरच्या हवाली केलं आणि दोन गाद्या, एक शेगडी घेऊन पोरीबरोबर इथं आले. या गल्लीत माझ्यासारख्या आयाच आया आहेत. सकाळी डबे करतात, दिवसभर दारात बसतात आणि एकमेकींशी बोलायचं टाळतात, कारण बोलायला लागलं की मुलांचे गुण निघतात.

क्लासच्या पहिल्या दिवशी पालकांना उभं करून शपथ दिली. घरात टीव्ही नको, मोबाईल नको, पाहुणे नकोत. खाली सहीसुद्धा घेतली. एरवी पोरांना शपथा घ्यायला लावणारी मी, मुकाट्यानं सही करून मोकळी झाले. माझा मोबाईल देगलूरच्या कपाटात पडून आहे. तुम्हाला तर फोनवर नुसती गुणगुण ऐकू येते, तेव्हा पत्र आपल्या दोघांच्याही सोयीचं.

भार्गवी सकाळी सहाला जाते, दहाला जेवायला येते, साडेदहाला पुन्हा जाते ती दोनला परत. घरी असली की भिंतीकडं तोंड करून अभ्यास करते आणि मी तिच्या पाठीकडं बघत बसते. साडेदहा ते दोन हा वेळ मला खायला उठतो. एक दिवस कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले तर समोरच्या मोबाईलच्या टॉवरवर एक पक्षी बसलेला. घार नव्हती. बघता बघता त्यानं अंग आवळलं आणि असा खाली सुटला की मला वाटलं पडलाच. वर आला तेव्हा पायात पारवा होता. तो ससाणा आहे, हे मी शाळेच्या पुस्तकावरून ओळखलं. तेव्हापासून मी रोज साडेदहाला गच्चीवर असते.

घरमालकीण गौरम्मासुद्धा तिथंच असतात. भूकंपानंतर गाव सोडून आल्या. विद्यार्थ्यांच्या खोल्यांसाठी तीन मजली स्लॅबची इमारत बांधली, पण स्वतः गच्चीवर पत्र्याच्या खोलीत झोपतात. "सलाबखाली मला झोप न्हाई बाई. तुमी झोपा, तुमाला काय न्हाई होत," म्हणतात, आणि मग मलाही झोप लागत नाही.

तर मामा, टॉवर इथून दोनेकशे मीटर लांब आहे आणि पक्षी विजेसारखा. असं लांबचं आणि पळतं टिपायला कोणता कॅमेरा घेऊ? हसू नका. मला या गावात दुसरं कुणी ओळखीचं नाही.

तुमची मिनू

नांदेड, ९ सप्टेंबर २०१२

चि. मिने,

शेवट आधी वाचला, हे खरं. तू लहानपणापासून मला फार ओळखतेस.

एक गोष्ट सांगून टाकतो. एकोणीस वर्षं झाली, मी कॅमेरा डोळ्याला लावलेला नाही. स्टुडिओ पंचाक्षरी चालवतो. माझ्याच हाताखाली तयार झालेला, आता त्याचेही केस पिकायला लागले. मी दुकानात खुर्ची टाकून बसतो, लोकांच्या लग्नाच्या फोटोंत चुका काढतो. का सोडलं ते विचारू नकोस.

तुझा प्रश्न पंचाक्षरीपुढं ठेवला. त्यानं मला कागदावर दोन पानं आकडे लिहून दिले. ते मी तुला पाठवत नाही. त्यातलं मला जे पटलं ते सांगतो. हे जे लांब भिंग आत-बाहेर होणारे कॅमेरे निघाले आहेत त्यांच्यावर मोठ्या अक्षरांत तीस पट, चाळीस पट असं लिहिलेलं असतं. त्याला भाळू नकोस. लांबचं जवळ येतं तेव्हा आपल्या हाताची थरथरही तितक्याच पटीनं वाढते. डोळ्याला लावायची खिडकी असलेलाच घे. मागच्या पडद्यात बघत, हात लांब करून ससाणा टिपायला गेलीस तर त्या उन्हात तुला स्वतःचंच तोंड दिसेल. आणि मुख्य म्हणजे बटण दाबणं आणि फोटो निघणं यांच्यात किती वेळ जातो ते बघ. दुकानदार ते सांगणार नाही. त्याच्या दारात उभी राहा, रस्त्यावरून जाणाऱ्या ऑटोरिक्षावर कॅमेरा धर, ऑटो मधोमध आली की बटण दाब. मग बघ फोटोत ऑटो आहे की नुसता रस्ता.

याहून चपळ मोठे कॅमेरे आहेत, ज्यांची भिंगं बदलता येतात. पण ससाण्यापर्यंत पोचणारं त्यांचं भिंग तुझ्या मनगटाला पेलणार नाही आणि यज्ञेशच्या खिशालाही.

बाकी मला विचारशील तर उभ्या झाडाचे फोटो काढावेत. झाड सांगितल्या जागी थांबतं. तुला पळणारंच का हवं आहे, ते एकदा स्वतःला विचार.

मामा

लातूर, २४ सप्टेंबर २०१२

ती. मामा,

कॅमेरा आला! पत्र उशिरा लिहिते आहे कारण दहा दिवस मला दुसरं काही सुचलं नाही.

मुख्य रस्त्यावरच्या दुकानात गेले आणि तीन कॅमेरे काढायला लावले. दुकानदारानं सगळ्यात जास्त झूमवाला पुढं केला. मी तो घेऊन दारात उभी राहिले आणि ऑटोची वाट बघू लागले. तो म्हणाला, "म्याडम, ऑटो बोलवू का? कुठं जायचंय?" मी म्हटलं, "ऑटो जाऊ द्यायचीय." पहिल्या कॅमेऱ्यात नुसता रस्ता आला आणि एक कुत्रं. दुसऱ्यात मागचं चाक. तिसऱ्यात अख्खी ऑटो आली, चालकाच्या गालातल्या पानासकट! त्याचं झूम पहिल्यापेक्षा कमी आहे, पण डोळ्याची खिडकी आहे आणि बटण दाबून धरलं की एकामागून एक सात-आठ फोटो निघतात. तोच घेतला. दुकानदार शेवटी म्हणाला, असं गिऱ्हाईक बघितलं नव्हतं.

रविवारी यज्ञेश आले होते. कॅमेरा पाहून म्हणाले, "तू तिथं पोरीचा अभ्यास घ्यायला गेलीस का पाखरं मोजायला?" मी म्हटलं, पोरीचा अभ्यास माझ्या डोक्यावरून जातो, पाखरं तरी डोळ्यासमोरून जातात. ते हसले नाहीत. जेवताना भार्गवीला गुण विचारले, तिनं सांगितले, आणि सहाच्या गाडीनं परत गेले. पूर्वी आम्ही दोघं किती बोलायचो. आता आमच्यात बोलायला एकच विषय उरला आहे आणि त्याला सतरा वर्षं पूर्ण व्हायची आहेत.

इथली एक रीत तुम्हाला सांगायची राहिली. क्लासमध्ये दर पंधरवड्याला परीक्षा असते आणि तिच्या गुणांवर मुलांच्या तुकड्या नव्यानं लावतात. यादी भिंतीवर चिकटवतात. पहिल्या तुकडीला मोठे सर शिकवतात, तिसरीला कोण शिकवतं ते कुणी विचारतही नाही. आपली भार्गवी पहिलीतच आहे. हल्ली बोलत नाही फारशी. ताण असणारच, मी विचारून आणखी वाढवत नाही.

आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मला पळणारं हवं आहे, कारण या खोलीत दुसरं काहीच हलत नाही.

तुमची मिनू

नांदेड, २ ऑक्टोबर २०१२

चि. मिने,

ऑटोचा किस्सा पंचाक्षरीनं सगळ्या दुकानाला वाचून दाखवला.

आता ऐक. पक्ष्याच्या मागं कॅमेरा पळवू नकोस, तू कायम मागंच राहशील. तो रोज कुठून सुटतो आणि कुठं वळतो ते दोन-तीन दिवस कॅमेऱ्याशिवाय बघ. मग त्या वळणावर कॅमेरा रोखून थांब, त्याला येऊ दे. कोपर कठड्यावर टेकव. दुसरा डोळा मिटू नकोस, त्यानं बाहेरचं बघत राहा. फोटोवर तारीख आणि वेळ छापायची सोय असेल तर ती चालू कर. आम्ही फोटोच्या मागं पेन्सिलीनं लिहीत होतो. आज वाटतं लक्षात राहील, राहत नाही.

आणखी एक. बटण दाबण्याआधी चारी कोपऱ्यांवरून नजर फिरवायची. मधल्याकडं सगळे बघतात. कोपऱ्यात काय आहे ते फोटो काढणाऱ्यानंच बघायचं असतं. ही एकच गोष्ट मी पंचाक्षरीला मारून शिकवली.

परवा तीस सप्टेंबर होती, भूकंपाची तारीख. गौरम्मांना माझा नमस्कार सांग. ओळख नाही, तरी सांग.

फोटो निघाले की पाठव. मला बघायचे आहेत. हे वाक्य मी बऱ्याच वर्षांनी लिहितो आहे.

मामा

लातूर, २० ऑक्टोबर २०१२

ती. मामा,

सोबत सीडी आहे. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून करून घेतली. त्र्याऐंशी फोटो आहेत, त्यातले सत्तर बघू नका.

पण आठ तारखेचा बघा! आणि पंधराचा. आठ तारखेला मी वळणावर कॅमेरा रोखून थांबले होते. तो सुटला, माझ्या चौकटीत आला आणि मी बटण दाबूनच धरलं. मागच्या पडद्यावर बघितलं तर पंख आवळलेला अख्खा ससाणा. मामा, मी उडी मारली. चव्वेचाळिसाव्या वर्षी, साडी नेसून, गच्चीवर. गौरम्मा पत्र्यातून धावत बाहेर आल्या. "काय झालं बाई? हाललं का काय?" त्यांना वाटलं भूकंप. त्यांना फोटो दाखवला तर म्हणाल्या, "पाखरूच की. मी म्हनलं काय लई झालं." तुमचा नमस्कार सांगितला तेव्हा मात्र त्यांनी पदर नीट घेऊन नांदेडच्या दिशेला हात जोडले.

कोपरे बघायला सांगितलं होतंत, ते काही मला जमलं नाही. पक्षी आला की दुसरं काही दिसतच नाही. घरी संगणक नाही, त्यामुळं मीही हे फोटो त्या टीचभर पडद्यावरच बघितले आहेत. तुम्ही मोठे करून बघा आणि चुका काढा, भरपूर काढा.

भार्गवीचं बरं चाललं आहे. पहिली तुकडी टिकवून आहे. मी विचारलं की "चाललंय" म्हणते. उन्हानं मात्र काळवंडली आहे, नाकाची सालं निघतात. काल गौरम्मा म्हणाल्या, "पोरगी करपली की. किलासात का ऊन असतंय?" मी म्हटलं, अहो, जाता-येता लागतं, छत्री न्यायला लाज वाटते या मुलांना. दसऱ्याचीही सुट्टी नाही. पोतंभर आपटा इथं आणला तरी वाटायला माणूस नाही.

एकटं वाटतं, मामा. दिवसातले दोन तास सोडले तर फार एकटं वाटतं. हे यज्ञेशना लिहिता येत नाही, आणि जिच्यासाठी इथं आले तिला तर सांगताच येत नाही. ती समोर बसलेली असते तेव्हा सगळ्यात जास्त वाटतं. बरं झालं तुम्ही आहात.

तुमची मिनू

नांदेड, २६ ऑक्टोबर २०१२, संध्याकाळ

चि. मिने,

हे पत्र मी टपालात टाकत नाही. उद्या पहाटेच्या एसटीनं स्वतः घेऊन येतो आहे. तोंडानं सांगायला गेलो तर मला नीट जमणार नाही, आणि तू काय विचारशील ते मला ऐकू येणार नाही. म्हणून लिहून आणतो आहे. उभ्यानं वाचू नकोस, बस.

सीडी आज आली. पंचाक्षरीनं ते फोटो संगणकावर मोठे केले. आठ तारखेचा ससाणा उत्तम आहे. असा मलाही जमला नसता. मग सवयीनं मी कोपरे बघू लागलो.

टॉवरच्या मागं, आणखी लांब, एक चार मजली इमारत आहे. तिच्या गच्चीवर पाण्याच्या काळ्या टाक्या आहेत. टाक्यांच्या बाजूला, कठड्याजवळ, एक मुलगी बसली आहे. आठ तारखेच्या फोटोत ती खाली डावीकडं आहे. नऊच्या फोटोत आहे. बारा, पंधरा, सोळा, एकोणीस. फोटोवर वेळ छापलेली आहे, अकरा वीस, बारा पाच, अकरा पन्नास. एकटीच. एक पाय दुमडलेला आणि वेणीचं टोक तोंडात.

मिने, भार्गवीचे पहिल्या वाढदिवसापासूनचे फोटो आमच्या स्टुडिओतले आहेत. मी खुर्चीवर बसून असायचो आणि पंचाक्षरी ओरडायचा, "वेणी काढ तोंडातून." आज मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "गुरुजी, ही आपली भार्गवी हाय."

ती क्लासची इमारत आहे का, ते तुला माहीत. पण त्या वेळी ती वर्गात नाही. उन्हानं काळी का पडली ते गौरम्मांना तुझ्याआधी कळलं.

आता मी कॅमेरा का सोडला ते सांगतो. भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी पंचनाम्यासाठी पडलेल्या घरांचे फोटो काढायला मला नेलं होतं. दोन दिवस मी भिंती टिपल्या. भिंत मधोमध घ्यायची, घराचा क्रमांक लिहायचा, पुढं जायचं. नांदेडला येऊन रोल धुतले. एका फोटोत, भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात, सात-आठ वर्षांची एक पोर बसलेली होती. थेट माझ्याकडं बघत. मी तिच्यापासून चार पावलांवर असेन. मला ती दिसली नव्हती, कारण मला भिंत हवी होती. फोटो घेऊन मी चौथ्या दिवशी परत गेलो. तंबू-तंबूतून फिरलो. कुणी म्हणालं नातेवाईक घेऊन गेले असतील. असतीलही. मला कळलं नाही, अजून कळलेलं नाही.

पंचाक्षरी म्हणाला, यज्ञेशना फोन करू. मी नको म्हटलं. फोनवरून बापाची काळजी पोचायच्या आधी राग पोचतो. आज रात्री पोरगी तुझ्याजवळ आहे. उद्या ती साडेदहाला निघायच्या सुमारास मी तिथं असेन. या वेळी मला उशीर करायचा नाही.

मामा

देगलूर, २० नोव्हेंबर २०१२

ती. मामा,

पत्ता बदललेला दिसलाच असेल. दिवाळीला आलो ते परत गेलो नाही. बारावीची परीक्षा भार्गवी देणार आहे, इथूनच. पुढचं पुढं. क्लासला मी दोन ओळींचं पत्र पाठवलं आणि त्यांच्या शपथेतून स्वतःला सोडवून घेतलं.

त्या दिवशी तुम्ही गच्चीवरून सगळं पाहिलंत, पण तुम्हाला ऐकू आलं नाही. ते सांगायला हे पत्र. तोंडानं सांगितलं असतं, पण तुमच्या कानाशी ओरडून सांगायच्या या गोष्टी नाहीत.

तुमची एसटी अहमदपूरला रखडली आणि तुम्ही पोचलात तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. मी बसून पत्र वाचलं. मग कॅमेरा उचलून, आयुष्यात पहिल्यांदा, पक्ष्याच्या मागं बघितलं. ती होती. कठड्याजवळ. माझ्या हातातून कॅमेरा पडलाच असता. तुम्ही तो घेतलात, डोळ्याला लावलात आणि म्हणालात, "तू जा. मी तिच्यावरून नजर काढत नाही." एकोणीस वर्षांनी तुम्ही कॅमेरा डोळ्याला लावला, हे जिना उतरताना माझ्या लक्षातही आलं नाही. मी चप्पल न घालता पळाले. गल्लीतल्या सगळ्या आया बघत होत्या.

चार जिने चढून वर गेले. वाटेत किती काय काय ठरवलं होतं बोलायचं. तिच्याजवळ पोचले आणि म्हटलं, "डबा खाल्लास का?" एवढंच तोंडातून निघालं.

ती माझ्याकडं बघत नव्हती. आपल्या गच्चीकडं बघत होती. म्हणाली, "आई, तू इथं आहेस. मग तिथं कॅमेरा घेऊन कोण उभं आहे?"

मला आधी समजलंच नाही. मग कळलं, मामा. ऑगस्टच्या दुसऱ्या यादीत ती थेट तिसऱ्या तुकडीत गेली होती. एक दिवस त्या वर्गात बसली, मग बसवेना. घरी सांगवेना. मला रोज खोटे गुण सांगत होती आणि मी ते देगलूरला आणि तुम्हाला कळवत होते. त्या गच्चीवर ती पहिल्या दिवशी का गेली, ते मी विचारलं नाही. पंधरा दिवसांनी, दिवाळीला इथं आल्यावर, तिनंच सांगितलं. रात्रीची भांडी पुसत होतो, तेव्हा. "कठड्याजवळ गेले होते. तर समोर तू दिसलीस. लाल साडी नेसून उन्हात उभी. मग तू कॅमेरा घेतलास. एकदा तर उडी मारलीस. आई, तू खोलीत कधीच अशी नसायचीस. खोलीत तू माझ्या पाठीकडं बघत बसतेस. म्हणून मी रोज तिथं जाऊन बसायचे. म्हटलं, आजचा दिवस बघू, आईला आज पाखरू घावतंय का."

दोन महिने आम्ही एकमेकींच्या समोर होतो, मामा. ती मला बघत होती आणि मी ससाण्याला. मी खूप रडले. तीही. मग यज्ञेश उठून आले आणि काही न विचारता आमच्यात बसले. राग आला होता त्यांना, पण तो त्यांनी कुठं तरी ठेवून दिला. त्या रात्री कुणी गुणांचं नाव काढलं नाही.

गौरम्मांनी निघताना भार्गवीच्या हातात भाजलेल्या शेंगांची पिशवी दिली आणि म्हणाल्या, "कधी बी ये. पत्र्याखाली निज माझ्याजवळ. हितं काय पडत न्हाई." ते ऐकून माझा पाय निघेना.

आता एक विचारायचं आहे. काल यज्ञेशच्या बँकेतल्या संगणकावर कॅमेऱ्यातले सगळे फोटो बघितले. शेवटचा फोटो २७ ऑक्टोबरचा आहे, बारा वाजून चार मिनिटांचा. त्याची नवी सीडी सोबत पाठवते. त्यात ससाणा नाही. टॉवरही नाही. गच्ची आहे, टाक्या आहेत, भार्गवी आहे आणि उजव्या कोपऱ्यात लाल काही तरी आहे. ती मी आहे. हा फोटो माझा नाही, कारण मी त्यात आहे. बटण चुकून दाबलं गेलं का, मामा?

तुमची मिनू

नांदेड, २६ नोव्हेंबर २०१२

चि. मिने,

हात चुकून लागला असं लिहिणार होतो. खोटं कशाला बोलू, मीच दाबलं.

तू गेलीस तेव्हापासून कॅमेरा डोळ्यावरून काढला नाही. खांदे भरून आले, डोळ्याला धार लागली. गौरम्मा मागून काही तरी बोलत होत्या, त्यांना वाटलं मी उत्तर देत नाही. चौकटीत ती एकटी होती. एकदा ती उठून उभी राहिली. मिने, तेव्हा मी काय केलं असतं मला माहीत नाही. इथून ओरडून तिला ऐकू गेलं नसतं. मी नुसता कोपऱ्याकडं बघत राहिलो. मधे नाही, कोपऱ्याकडं. आणि उजवीकडून तू आलीस. बोटानं मला विचारलं नाही.

फोटोत तू हलली आहेस. पळत होतीस, हलणारच. पोरगी मात्र लख्ख आली आहे. तू आता नवी सीडी पाठवलीस त्यावरून मोठा करून घेतला आहे, सोबत पाठवतो. पंचाक्षरी तो कापून दोघींना मधोमध घ्यायला निघाला होता, मी कापू दिला नाही. एक प्रत माझ्याकडं ठेवली. ट्रंकेतला, भिंतीपाशी बसलेल्या त्या पोरीचा, जुना फोटो बाहेर काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी लावले.

मागं तारीख लिहिली आहे. भिंतीवर लावशील तेव्हा चौकटीची पट्टी बारीक घे, उजवा कोपरा झाकायचा नाही.

मामा